जुन्या देशभक्तिगीतावर नवे शब्द बसवताना

गाणं निवडतानाच हक्क तपासा. कवीच्या मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं शब्दांवर त्याच्या वारसांचा हक्क असतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या ‘बलसागर भारत होवो’चे शब्द 2011 पासून मोकळे आहेत. चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क मात्र वेगळे असतात, तेही बघावे लागतात. हक्क शिल्लक असलेलं गाणं नव्या आवाजात गाण्याचा परवाना मिळाला, तरी त्यात शब्द बदलायची मुभा नसते. त्यासाठी स्वतंत्र लेखी परवानगी घ्या. राष्ट्रगीताला हात लावू नका.

आता मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. जोडाक्षराचा आघात आला तर आधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन. ‘बलसागर भारत होवो’ : 6, 4, 4. ‘विश्वात शोभुनी राहो’ : 5, 5, 4. दोन्ही ओळी 14 मात्रांच्या, पण आतली फोड वेगळी. नवी ओळ त्या फोडीतही बसायला हवी.

समजा, नदीवर लिहायचंय. ‘कृष्णामाई निर्मळ वाहो’ असं चटकन सुचतं, पण त्या 16 मात्रा होतात आणि गाताना ‘माई’ घाईत गिळावं लागतं. ‘कृष्णाई’ केलं की सहा मात्रा जागेवर येतात:

कृष्णाई निर्मळ वाहो,
काठास सावली राहो

दुसरी ओळही मूळच्यासारखी 5, 5, 4 आहे. शेवटचा ‘ओ’ मुद्दाम राखलाय. समूहगानात ओळीच्या टोकाला सूर लांबतो, तिथे ‘प्रदूषण’सारखा ऱ्हस्व अक्षराने संपणारा शब्द आला तर लांबवायला स्वरच उरत नाही.

सगळ्यात फसवी चूक भाषा सोपी करताना होते. याच गीतात ‘हे कंकण करि बांधियले’ अशी ओळ आहे. आजची मुलं ‘बांधियले’ म्हणत नाहीत, म्हणून कुणी ‘हे कंकण करी बांधले’ करतं. मोजलं तर (अनुस्वारामुळे ‘कं’च्या दोन धरून) 14च भरतात, पण ‘बां’ नवव्या मात्रेवरून दहाव्यावर सरकतो. ठेका नवव्यावर पडतो आणि शब्द मागून येतो. पन्नास मुलं एकदम गात असली की तिथे हमखास गोंधळ उडतो. अशी ओळ एक तर जशीच्या तशी ठेवावी, नाहीतर पूर्ण नवी लिहावी. एकाच कडव्यात ‘दिधले’ आणि ‘मोबाइल’ शेजारी बसवू नयेत, कानाला खडा लागतो.

ध्रुवपद शक्यतो मूळचंच असू द्या. ऐकणाऱ्याच्या मनात गाणं त्यावरच उभं असतं. बदल कडव्यांत करा, आणि एका कडव्यात एकच विषय घ्या. पाणी, स्वच्छता, मतदान, सैनिक सगळं चार ओळींत कोंबलं की भिंतीवरच्या घोषणा होतात. ‘पर्यावरण वाचवा’ म्हणण्यापेक्षा काठावरची सावली दाखवा. देश तिथे डोळ्यांना दिसतो.

कच्चं कडवं तयार झालं की पेटीशिवाय, नुसत्या टाळ्यांवर म्हणून बघा. पेटीचा सूर अडखळ झाकतो. मग चाल माहीत असलेल्या, पण नवे शब्द न पाहिलेल्या माणसाच्या हातात कागद द्या. तो ज्या अक्षरावर थांबेल, तेवढीच जागा दुरुस्त करा.

छापताना मूळ कवीचं नाव वर आणि ‘नवी कडवी’ म्हणून तुमचं खाली, असं वेगळं द्या. तुमची ओळ गुरुजींच्या नावावर जाता कामा नये.