लग्नासाठी कुकी बुके करताय? मग या चुका टाळा

रुखवतात लाडू-चकल्यांच्या शेजारी कुकी बुके, म्हणजे काड्यांवर लावलेल्या आयसिंगच्या गुलाब-कुकीजची कुंडी, ठेवली की फोटोला गर्दी होते, मान्य. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला त्याच त्या गोष्टी सांगून मी थकलेय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट काडी. भाजलेल्या कुकीला मागून चॉकलेटने काडी चिकटवायची हा रील बघून शिकलेला शॉर्टकट. एसी हॉलमध्ये तग धरेल कदाचित, मे महिन्यात मांडवात चॉकलेट मऊ पडतं आणि गुलाब एकेक करून माना टाकतात. काडी कच्च्या कुकीतच घालायची, भाजायच्या आधी. कुकी ८ मिलिमीटर जाड लाटा, वरून बोटाने हलकंच दाबून धरा आणि काडी गोल फिरवत आत सारा, निम्म्याच्या पुढे गेली पाहिजे. कागदी लॉलीपॉप स्टिक नाहीतर बांबूची काडी चालते, प्लॅस्टिकची ओव्हनमध्ये घालू नका, सांगायची वेळ येते म्हणून सांगतेय.

आणि कृपा करून नानकटाईचं पीठ वापरू नका! "ताई, बिनअंड्याची आहे ना, मग काय हरकत?" अगं, ती तोंडात विरघळते म्हणूनच तर काडीवर टिकत नाही. मी २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि गोळा होईल इतकंच दोन-तीन चमचे दूध घेते. बेकिंग पावडर अजिबात नाही, नाहीतर गुलाबाचा फुगून कोबी होतो. कापलेल्या कुकीज काडीसकट वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग १७० डिग्रीला साधारण पंधरा मिनिटं, कडा जरा सोनेरी होईपर्यंत. फ्रीजचं काम इथेच संपलं, आयसिंगनंतर त्याचं दारसुद्धा उघडायचं नाही.

का ते ऐका. ओळखीतल्या एका मुलीने चिपळूणच्या लग्नाची ऑर्डर घेतली, तीही मे महिन्यात. लाल गुलाब, त्यांना पांढरी किनार, मधे नवरा-नवरीच्या दोन मोठ्या कुकीज, मुंडावळ्यांचे मोतीसुद्धा ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेले. काम सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. पण बाईसाहेब लग्नाच्या पहाटेपर्यंत आयसिंगच करत होत्या, वाळायला वेळच उरला नाही, मग सगळ्या कुकीज "सेट व्हायला" फ्रीजमध्ये आणि तिथून थेट गाडीत. हॉलवर बॉक्स उघडला तेव्हा बऱ्या दिसत होत्या. कोकणातली ती दमट हवा, त्यात गार कुकीज, दहा-पंधरा मिनिटांत त्यांना घाम फुटला, लाल रंग पांढऱ्यात उतरला आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत नवऱ्याच्या मुंडावळ्या गुलाबी. नवरीच्या मामींनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, ह्याला लागलंय का कुठे?" बुके उचलून आत ठेवावा लागला.

कुकीजवरचं हे रॉयल आयसिंग पिठीसाखर अंड्याच्या पांढऱ्यात किंवा मेरिंग पावडरमध्ये फेटून करतात, म्हणजे मुख्यतः साखर, ती हवेतलं पाणी ओढणारच. म्हणून गडद रंग आधी भरायचा, रात्रभर पंख्याखाली उघडा वाळू द्यायचा आणि मगच त्याच्या शेजारी पांढरा. कोकणात किंवा पावसाळी हवेत तर पूर्ण दिवस द्या. हेअर ड्रायर मारून वरची पापडी वाळते, आत ओलंच राहतं, ही घाई मला तर बघवत नाही. लाल रंग हवा म्हणून जेल ओतत बसू नका, कडू लागतं आणि वाळतही नाही. आदल्या दिवशी थोडा फिका कालवून झाकून ठेवा, सकाळपर्यंत आपोआप गडद होतो.

कोमट कुकीवर आयसिंग केलंत तर तुपकट डाग पडतील. भांड्याला तेलाचा अंश असला तर आयसिंग फुगणार नाही. नावं पत्रिका समोर ठेवूनच लिहा, "चि. सौ. कां." मधला टिंब खाल्ला तरी आत्याबाईंना दिसतो. जोडाक्षरांना १ नंबरचं नोझल घ्या, जाड नोझलने "श्री"चा नुसता गोळा होतो.

अंड्याचं मात्र आधी विचारा. मेरिंग पावडरमध्ये वाळवलेला अंड्याचा पांढरा असतोच, पावडर आहे म्हणून ती शाकाहारी होत नाही, आणि हे न सांगता जैन घरात बुके देणाऱ्या लोकांचा मला खरंच राग येतो. बिनअंड्याचं हवं तर काबुली चणे मीठ न घालता शिजवा, ते पाणी आटवून दाटसर करा, दोन मोठे चमचे म्हणजे एका अंड्याचा पांढरा धरायचा. जरा उशिरा वाळतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

कुंडीचं वजनही बघा. आयसिंगसकट एक कुकी सहज ४५-५० ग्रॅम भरते, पंधरा कुकीज म्हणजे वर पाऊण किलोच्या आसपास, तळाला तांदळाची पिशवी नसेल तर कुंडी आडवी होणारच. फुलवाल्याकडचा हिरवा फोम खाण्याच्या वस्तूजवळ आणू नका. आणि बुके घरून बांधून नेऊ नका, कुकीज आडव्या ठेवून न्या, हॉलवर खोवा.

एवढं सगळं करायला चार दिवस लागतात: एक भाजायला, एक रंग भरायला, एक नक्षीला, एक बांधायला. "उद्यापर्यंत होईल ना?" विचारणाऱ्याला सरळ पेढे सुचवा.