घर मुलांच्या नावावर करताय? आधी या चुका टाळा

नेरूळला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना विसरायला होऊ लागलं, तेव्हा त्यांची लेक निर्धास्त होती. सहा वर्षांपूर्वीचं मुखत्यारपत्र, म्हणजे वडिलांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, तिने फोल्डरमध्ये जपून ठेवलं होतं. काकांच्या औषधपाण्यासाठी पैसे काढायची वेळ आली, तेव्हा वकिलांनी तो कागद वाचून तसाच तिच्या हातात परत दिला. देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र संपतं. मृत्यूनंतर तर संपतंच. ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमकं त्याच दिवशी ते कामाला येत नाही! काकांचे व्यवहार पाहणारी कायदेशीर पालक म्हणून नेमणूक मिळवायला तिला थेट उच्च न्यायालयात जावं लागलं. म्हणून निदान रोजच्या खर्चाचं बचत खातं तरी आजच विश्वासातल्या माणसाबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवू शकेल असं, करून घ्या.

दुसरी चूक मला जास्त छळते. राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. एवढ्या स्वस्तात होतंय म्हणून आईवडील घाई करतात आणि स्वतःच्याच घरात पाहुणे होतात. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, मुलांनी सांभाळलं नाही तर, असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पण सांभाळण्याची अट कागदात नसेल तर वाद लांबतो. अट स्पष्ट लिहूनच घ्या. माझं विचाराल तर हयातीत घर देऊच नका, मृत्युपत्र करा. ते हवं तेव्हा बदलता येतं.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ते कट्ट्यावरचे आपल्याच वयाचे मित्र नकोत. उद्या वाद झाला तर कोर्टात उभं राहायला त्यांच्यापैकी एक तरी असायला हवा. वय जास्त असेल तर समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सहीच्याच दिवशी घेऊन जोडा.

सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असं समजू नका. तो वारसांच्या वतीने घर सांभाळणारा. आणि नवी मुंबईत सिडकोच्या लीजवरचं घर असेल तर हस्तांतराला सिडकोची परवानगीही लागते, तेव्हा मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट आणि सिडकोची कागदपत्रं कपाटात कुठल्या खणात आहेत, ते आजच घरच्यांना दाखवून ठेवा.