लिनक्सवर वायफाय दिसत नाही? आधी या चुका टाळा

"दादा, लिनक्स टाकलं पण वायफायच दिसत नाही, कुठला ड्रायव्हर टाकू?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा मेसेज येतो. मी विचारतो, "कार्ड कुठलं आहे?" उत्तरात लॅपटॉपचं मॉडेल येतं. एकाने तर लॅपटॉपच्या झाकणाचा फोटो पाठवला होता.

लॅपटॉपच्या नावावरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) शोधू नका. एकाच मॉडेलमध्ये कधी इंटेलचं कार्ड निघतं, कधी रिअलटेकचं. चिपचं नावही पुरत नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांत बीसीएम४३१२ चा आयडी (चिपचा ओळख क्रमांक) १४ई४:४३१५ आहे, आणि १४ई४:४३१२ हा आयडी चक्क बीसीएम४३११ चा! युएसबी डोंगलची तीच तऱ्हा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन च्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. खोक्यावरचं नाव मात्र तेच.

म्हणून टर्मिनल उघडा आणि ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आतल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड चालवा. डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’. ‘एलएसपीसीआय’मध्ये नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चौकोनी कंसात मधे विसर्गासारखं चिन्ह असलेला आकडा दिसेल, तो खरा आयडी. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, दुखणं दुसरीकडे आहे. ती ओळ नाही आणि नुसती ‘कर्नल मॉड्यूल्स’ आहे, याचा अर्थ ड्रायव्हर घरातच आहे पण कामाला लागलेला नाही. या दोन ओळींतला फरक नीट न वाचल्याने माझा स्वतःचा एक रविवार वाया गेला आहे.

झालं असं. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये रिअलटेकचं ८८२१सीई, आयडी १०ईसी:सी८२१. उबुंटू २२.०४ वर वायफाय चालायचं, पण रखडत. पठ्ठ्याने गिटहब या कोडच्या साइटवरून दुसऱ्या ड्रायव्हरचा कोड उतरवला, सूचनांतल्या सगळ्या ओळी एकदम चिकटवल्या, शेवटी ‘सुडो मेक इन्स्टॉल’ करून तो हातानेच बसवला. वेग वाढला, स्वारी खूश. तीन आठवड्यांनी अपडेटमध्ये कर्नल ५.१९ वरून ६.२ वर गेला आणि वायफाय गायब. कारण साधं आहे: हाताने बसवलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच्यापुरतंच असतं. दुसऱ्या दिवशी सबमिशन, म्हणून घाबरून त्याने रात्रीतून आणखी दोन ड्रायव्हर टाकून पाहिले. त्यातला एक ८८२१सीयू चा होता. शेवटचं अक्षर कोण बघतो? सीयू म्हणजे युएसबीवाली चिप, याच्याकडे होती पीसीआयवाली.

सकाळी माझ्याकडे आला. मीही त्याच्याच वाटेने गेलो, तोच जुना कोड नव्या कर्नलवर बांधायला बसलो. दीड तास नुसत्या एररच्या ओळी. मग वैतागून ‘एलएसपीसीआय’चं उत्तर पुन्हा वाचलं. ‘कर्नल मॉड्यूल्स’समोर आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई असं स्वच्छ लिहिलेलं, आणि ‘इन यूज’ची ओळच नाही. म्हणजे कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर हजर होता, ५.९ पासून तो कर्नलसोबतच येतो. मग अडवला कोणी? ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये एक फाइल सापडली, त्यात एकच ओळ: ब्लॅकलिस्ट (म्हणजे ‘हा लोड करू नको’), आणि पुढे त्याच ड्रायव्हरचं नाव. चिकटवलेल्या सूचनांतली तिसरी ओळ ती! भाच्याने स्वतःच्या हाताने कुलूप लावलं होतं. फाइल उडवली, ‘मॉडप्रोब’ने ड्रायव्हर लोड केला आणि शेजाऱ्यांच्या वायफायची नावं यादीत एकेक करून उगवली.

तेव्हापासून माझी सवय अशी: आधी कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे का ते बघायचं. बाहेरचा घ्यावाच लागला तर डीकेएमएसवाला घ्यायचा, म्हणजे कर्नल बदलला की तो स्वतःच नव्याने बांधला जातो. कर्नल हेडर्स (या बांधणीला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) मात्र हवेतच. आणि ‘/ईटीसी’मध्ये जी फाइल हाताने टाकली ती वहीत लिहायची. कागदाच्या वहीत.

दुसरं माझं आवडतं दुखणं म्हणजे सिक्युअर बूट, ओळखीची सही नसलेला कोड लोड होऊ न देणारी सोय. ब्रॉडकॉमच्या ४३१४२ ला ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर लागतो, तो टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. लोक काहीतरी टाइप करून मोकळे होतात. रीबूटला निळा स्क्रीन येतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कळ दाबून ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) निवडायचं असतं. पण आमची मंडळी घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, नाहीतर चहा आणायला गेलेली असतात. मग मॉड्यूल लोड करताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ दिसतं आणि तक्रार काय, तर ड्रायव्हर खराब आहे! सगळे सांगतात, सिक्युअर बूट बंदच करून टाक. शॉर्टकट चालतो, नाही म्हणत नाही. पण दोन मिनिटांच्या कामासाठी दाराची कडी कायमची काढून ठेवणं मला पटत नाही. निळा स्क्रीन हुकला असेल तर ‘मोकयुटिल’ कमांडला ‘इम्पोर्ट’ लावून ती किल्ली पुन्हा द्या, आणि या वेळी खुर्चीवरून उठू नका.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

‘आरएफकिल लिस्ट’ (वायफाय मुळात बंद केलेलं आहे का ते सांगणारी कमांड) न बघता ड्रायव्हर शोधणं. तिथे ‘हार्ड ब्लॉक्ड’ला ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा विमानाचं चित्र असलेली कळ बघा.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, फर्मवेअरच्या (कार्डात चढवायच्या फाइलच्या) ओळीत ‘एरर -२’ दिसलं तर फाइलच जागेवर नाही, ड्रायव्हर बदलून काही होणार नाही. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, ही फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतात. जुनी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) वापरत बसू नका.

इंटेलचं एएक्स२१० कार्ड नवं, कर्नल जुना. ५.१० किंवा पुढचा घ्या, झालं.

विंडोजही सोबत असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप (पटकन सुरू होण्यासाठी विंडोज पूर्ण बंदच न होण्याची सोय) बंद करा.

आणि पेनड्राइव्हवर एकेक डेब फाइल (सॉफ्टवेअरचं पॅकेज) वाहून आणणं. एक आणली की ती दुसरी मागते, दुसरी तिसरी. अहो, फोन केबलने जोडा, युएसबी टेदरिंग चालू करा, नेट आलं!

माझ्या ड्रॉवरमध्ये त्या डब्ल्यूएन७२२एन चं पहिल्या आवृत्तीचं डोंगल आहे, खोक्यासकट. भाच्याने दोनदा मागितलं. दिलेलं नाही.