निवट्या, वाम आणि मंडळी: खाडीतले बुळबुळीत मासे पकडायचे, साफ करायचे आणि खायचे कसे

पापलेट, सुरमई आणि हलव्याचे भाव जिथे जाऊन पोचलेत ते बघता लोक परत खाडीच्या माशांकडे वळायला लागलेत आणि चांगलंच आहे. उरण, पनवेल, पेण, अलिबाग ह्या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत निवट्या, म्हणजे चिखलातले मडस्किपर, कधी बंदच झाल्या नव्हत्या, बाकीच्यांनी नाकं मुरडली म्हणून काय. "चिखलाचा वास येतो", "सापासारखं दिसतं", हे दोन डायलॉग ठरलेले. दिसण्याचं काही करता येत नाही, पण वासाबद्दल सांगतो, तो माशाच्या मांसाचा नसतो, अंगावरच्या बुळबुळीचा आणि पोटातल्या चिखलाचा असतो. ती बुळबुळ नीट काढली की अर्धा स्वैपाक झाला समजा, आणि ती न काढता कितीही भारी मसाला घातला तरी काही उपयोग नाही.

आधी पाणी बघा. टाइडचं ॲप असेल तर ठीकच, नसेल तर जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण तीन, तर पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊला. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. खाडीत जेवढं आत जाल तेवढा उशीर धरायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी लांबपर्यंत मागे जातं आणि चिखल भरपूर उघडा पडतो, पण परत येतं तेव्हाही जोरात येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार हलत नाही, निवट्यांसाठी जायचा तो दिवसच नाही. नवीन माणसाला मी तृतीया-चतुर्थीच सांगेन, सकाळी उजेडात ओहोटी मिळते आणि उधाणाचा जोरही थोडा उतरलेला असतो.

निवटी म्हणजे तो डोक्यावर डोळे चढवलेला, चिखलात सरपटणारा, अंगावर निळे ठिपके असलेला वीतभर मासा. ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून हवा घेतो म्हणून पाण्याबाहेर मजेत राहतो, आणि म्हणूनच बाजारात जिवंत वळवळत्या मिळतात. मेलेली निवटी घेऊ नका, फार लवकर खराब होते. तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांवर टणाटण उड्या मारणारे बारके असतात ते वेगळे, त्यांच्यात खायला काही नाही, सोडून द्या.

पकडायच्या निवट्या उघड्या मऊ चिखलात असतात, वरचं शेवाळ खात फिरत असतात. माणूस दिसला की बिळात. बिळाला बहुतेक वेळा एकाहून जास्त तोंडं असतात, तेव्हा एका तोंडावर टाच दाबून ठेवायची आणि दुसऱ्यातून हात घालायचा, कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत. हाताला लागली की घट्ट आवळायची नाही, निसटते, तळहात आणि चिखल ह्यांच्यात दाबून चिखलासकटच बाहेर काढायची. ज्यांचा हात बसलाय त्या बायका बघता बघता टोपली भरतात, आपल्याला सुरुवातीला एका कालवणापुरत्या मिळाल्या तरी खूप झालं. तिवरं तोडायची नाहीत, कायद्याने गुन्हा आहे, आणि तिवरं गेली की निवट्याही गेल्याच.

चिखलात उतरताना एकटं जायचं नाही हे मी दोनदा लिहीन, एकटं जायचं नाही. रुतायला लागलं की उभं राहून पाय उपसत बसायचं नाही, पुढे ओणवं होऊन वजन पसरायचं, सोबत एखादी फळी असेल तर उत्तम. कालवांच्या कपच्या पाय कापतात म्हणून पायात जुने बूट, स्लिपर नको, ती चिखलातच राहते. पायाला आधीच जखम असेल, डायबेटिस असेल, लिव्हरचा त्रास असेल तर खाऱ्या चिखलात उतरूच नका, त्या पाण्यातले जंतू जखमेतून गेले तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. आणि जागा गावातल्या माणसाला विचारून ठरवा. कुठल्या नाल्यातून कारखान्याचं पाणी सुटतं ते त्यांनाच माहिती असतं, आणि तिथली निवटी कितीही गुबगुबीत दिसली तरी खायची नाही, कारण ती त्याच चिखलावर वाढलेली असते. ठाणे खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे हौशी लोकांनी घुसायचं काम नाही.

घरी आणल्यावर उथळ टबात दोन बोटं खाडीचंच पाणी घालून चार-पाच तास ठेवायच्या, पोटातला चिखल बराच बाहेर येतो. पाणी जास्त घालू नका, त्यांना वर येऊन हवा लागते. आणि वर जाळी पाहिजेच, नाहीतर किचनभर निवट्या. मग मूठभर जाडं मीठ टाकून लगेच झाकण दाबून धरायचं, दणादण आपटतात, दोनेक मिनिटांनी शांत होतात. आता खरं काम. चुलीतली राख मिळाली तर तिच्यासारखं काही नाही, नसेल तर तांदळाचं पीठ किंवा भाताचा कोंडा घ्या आणि रगडा, फेस येतो पांढरा, धुवा, परत रगडा, बोट फिरवल्यावर कातडी घसरायच्या ऐवजी किंचित खरखरीत लागली की थांबायचं. साधारण तीन वेळा तरी रगडावं लागतं. मग पोटाला चीर देऊन आतलं सगळं काढायचं, कल्ले काढायचे. डोकं ठेवायचं की नाही ते तुमच्या घरच्यांवर, आमच्याकडे ठेवतात, कारण चोखायला मजा तिथेच आहे.

सुकं करायला अर्धा किलो निवट्यांना दहा-बारा लसणाच्या पाकळ्या सालीसकट ठेचून, तीन चमचे आगरी मसाला, अर्धा चमचा हळद, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ. पसरट टोपात चार चमचे तेल तापवून लसूण लालसर होऊ द्यायचा, गॅस बारीक करून मसाला-हळद टाकायची, जळायच्या आत निवट्या टाकायच्या आणि इथून पुढे चमचा घालायचा नाही, टोप दोन्ही कानांना धरून हलवायचा, मांस फार नाजूक असतं, ढवळलंत तर नुसता काटा आणि चटणी उरते. कोळ आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं. तेल सुटलं की कोथिंबीर टाकून बंद. मे महिन्यात चिंचेऐवजी कैरीच्या फोडी. खोबऱ्याचं वाटण काही लोक घालतात, मला नाही आवडत, निवटीची स्वतःची गोडी दबते. तांदळाची भाकरी सोबत, चपाती नको.

आता वाम, म्हणजे ईल. मुंबई-रायगडला वाम म्हणतो ती समुद्रातली आणि खाडीच्या तोंडाची, पिवळसर करडी, खवले नसलेली, माणसापेक्षाही लांब होऊ शकते. देशावर उजनी वगैरे भागात वाम म्हणून मिळते ती नदीतली वेगळी, तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते, साफ करताना हाताला लागते तेव्हा सांभाळून.

समुद्राची वाम जास्त करून जाळ्यातच येते, पण गळाला पण लागते आणि रात्रीच जास्त, कारण दिवसा तळाला दडून बसते. खाडीच्या तोंडाशी, जेटीवर, भरती चढायला लागली की तळाला वजन लावून बांगड्याचा नाहीतर मांदेलीचा तुकडा सोडायचा, ताजा पाहिजे. गळाच्या आधी वीतभर स्टीलची वायर लावाच, नुसत्या नायलॉनला ती दातांनी कापून जाते. वर आल्यावर खरा तमाशा सुरू होतो, दोरीला स्वतःला गुंडाळते आणि सगळा गुंता करते. ओल्या गोणपाटात पकडायची आणि मेली वाटली तरी तोंडात बोट घालायचं नाही, टाळूवर मधोमध दातांची आणखी एक रांग असते. गळ पक्कडीनेच काढायचा, खोल गेला असेल तर दोरी कापा आणि गळ नंतर काढा.

साफ करताना हातमोजे घाला. ईल जातीच्या माशांच्या कच्च्या रक्तात विषारी प्रोटीन असतं, डोळ्यात किंवा जखमेत गेलं तर त्रास होतो, नीट शिजवल्यावर ते निघून जातं. म्हणून वाम अर्धीकच्ची ठेवायची नाही. बुळबुळ काढायला इथे राखेपेक्षा गरम पाणी बरं: अख्खी वाम सिंकमध्ये ठेवून वरून उकळतं पाणी ओतायचं, बुळबुळ लगेच पांढरी होऊन गोठते, मग सुरीच्या पाठीने शेपटीकडे खरवडत जायचं आणि लगेच गार पाण्यात. जास्त वेळ गरम पाण्यात ठेवलं तर कातडी फाटते. कातडी काढून टाकू नका, तिच्याखालीच चरबी असते.

वामीचा पुढचा भाग आणि मागचा भाग हे दोन वेगळे मासे धरून चालायचं. पोटापर्यंतचा भाग तळायला, तिथे काटा कमी. अर्धा-पाऊण इंचाच्या तुकड्या, आलं-लसूण, हळद, मसाला, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास, मग तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून घोळवायच्या आणि मध्यम आचेवर निवांत तळायच्या. तेल कमीच घ्या, ती स्वतःचं सोडते.

शेपटीकडच्या भागात मात्र मांसाच्या आत बारीक फाटे फुटलेले काटे खच्चून भरलेले असतात, आणि "वाम काटेरी असते" हे जे ऐकता ते ह्या भागावरून. कोळणीने शेपटीच्या तुकड्या स्वस्तात दिल्या तर त्याचं कारण हेच. तिचं पातळ कालवण करायचं: आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबिरीचं हिरवं वाटण तेलावर परतून, हळद, चिंच, पाणी, तुकड्या टाकून पंधरा मिनिटं उकळायचं, रस गाळून भातावर घ्यायचा आणि तुकड्या ज्याला जमेल त्याने खाव्यात. दुसरा उपाय जपानचा. तिथे क्योतोला उन्हाळ्यात ह्याच कुळातला हामो नावाचा मासा खातात, तो उघडून, कणा काढून, कातडी खाली ठेवून, मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर चिरा देत जातात, काटे कापले जातात पण कातडी अखंड राहते. खूप धारदार सुरी लागते आणि सुरुवातीला कातडी कापली जाणारच, पण त्या तुकड्या पीठ लावून कुरकुरीत तळल्या की काटा जाणवतही नाही.

गळ टाकून बसलात की न मागता येणारी मंडळीही असतात. शिंगाळा, म्हणजे मिशावाला कॅटफिश, हमखास. त्याच्या दोन बाजूच्या आणि पाठीवरच्या काट्याला विष असतं, वर येताच तिन्ही काटे पक्कडीने मोडायचे. लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास हात बुडवून ठेवायचा, उष्णतेने ते विष निकामी होतं, पाकटाच्या (स्टिंगरेच्या) शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय, आणि तरीही डॉक्टरकडे जायचंच. पावसाच्या सुरुवातीला शिंगाळ्याच्या तोंडात गोटीएवढी अंडी दिसली तर तो नर आहे, पोरं तोंडात वाढवतोय, सोडून द्या त्याला. एरवी शिंगाळ्याचं झणझणीत कालवण उत्तम, ह्याला मात्र खोबऱ्याचं वाटण पाहिजेच.

पाकट ताजं असेल तरच घ्या. त्याच्या अंगात युरिया असतो, शिळं झालं की अमोनियाचा वास मारतं आणि मग कितीही चिंच घाला. पाकट आणि मुशी ह्यांच्या काही जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, ओळखता येत नसेल तर पाण्यात परत. टोळ म्हणजे लांब चोचीचा, त्याचे काटे शिजल्यावर हिरवेगार दिसतात, लोक घाबरून ताट बाजूला सारतात. तो नुसता पित्तातला हिरवा रंग असतो, बिनधास्त खा.

केंड मात्र नाही. बाहेर काढल्यावर पोट फुगवतो तो. त्याचं विष शिजवून जात नाही, त्यावर उतारा नाही, आणि "आतडी काढली की चालतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे जेवायला जाऊ नका. दोरी कापून पाण्यात फेका, मांजरालाही घालू नका.