दव गोठण्याआधी सऱ्या भिजवा

मोबाइलवर महाबळेश्वरचं तापमान ८-९ अंश दिसलं म्हणून स्ट्रॉबेरीवाल्यांनी निवांत झोपू नये. गावात ८ असतं तेव्हा वेण्णा तलावाच्या काठाला, लिंगमळ्याच्या खोलगट रानात पानांवरचं दव गोठलेलं असतं. थंड हवा जड, उतारावरून ओघळून खालच्या वाफ्यांत साचते. थर्मामीटर पडवीत टांगू नका. सगळ्यांत खालच्या वाफ्यात, रोपाच्या उंचीवर लावा.

दरवर्षी नुकसान होतं ते एकाच हयगयीने. ठिबक तासभर चाललं की पाणी दिलं, असं धरतात. ते पाणी वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंग पेपरखाली (प्लास्टिकच्या आच्छादनाखाली) मुरतं आणि दोन वाफ्यांमधली सरी ठणठणीत कोरडी राहते. ओली माती दिवसाची ऊब धरते आणि रात्री सोडते. कोरडीला ते जमत नाही. म्हणून दुपारी तीनच्या आत, ऊन असतानाच सरीत पाणी सोडा. वीतभर ओल पुरे, चिखल नको. सरीत पेंढा असेल तर तेवढ्या रात्रीपुरता बाजूला ओढा, तो ऊब खालीच अडवतो.

कोणत्या दिवशी? माझा अंदाज चुलीवरून. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि धूर वर न जाता रानावर आडवा लोळायला लागला, की पहाटे दव गोठणार. पण धूर दिसेपर्यंत ऊन गेलेलं असतं. थंडीची लाट सांगितली की रोज दुपारी सरी बघा.

बाकीची कामं:
- कामट्यांवर क्रॉप कव्हर (पिकावर घालायचं पातळ कापड) किंवा जुन्या साड्या, दिवस मावळण्याआधी. कापड फुलांना टेकू नये. उन्हं आली की काढा, मधमाश्यांना वाट हवी.
- तुषार (स्प्रिंकलर) लावले तर बर्फ वितळेपर्यंत बंद नको. लाइटचा भरवसा नसेल तर लावूच नका; मध्येच थांबले तर जास्त मार बसतो.
- युरिया बंद.
- फवारणी: ०:०:५० (पाण्यात विरघळणारं पालाश खत), लिटरला ५ ग्रॅम.

दुकानात या दिवसांत ‘थंडीरोधक’ टॉनिकची बाटली पुढे सरकवतात. त्या पैशात दोन वाफ्यांचं कापड येईल.

सकाळी पाकळ्या पांढऱ्याशुभ्र दिसतात, त्यावर जाऊ नका. फुलाचा मधला पिवळा गोंडा पाहा. तो काळा पडला असेल तर ते फूल गेलं, महिन्याभराने येणारं फळही गेलं. अशी फुलं खुडून रानाबाहेर टाका, नाहीतर करडी बुरशी चांगल्या फळांवर येते. पानं मात्र लगेच छाटू नका, बरीच सावरतात. आणि त्याच दुपारी पुन्हा सरीत पाणी, कारण थंडी सहसा एका रात्रीत हटत नाही.