पूलची क्यू घेताना आधी शाफ्ट पाहा

पूल या टेबलावरच्या चेंडूंच्या खेळाची काठी म्हणजे क्यू. ती निवडताना नजर आधी बटवरच्या, म्हणजे मागच्या जाड भागावरच्या, नक्षीकडे जाते, आणि पैसेही तिथेच जातात. पण चेंडूला स्पर्श करते ती टोकावरची टिप, आणि तिचा फटका सरळ जाणार की नाही हे ठरवतो शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग. म्हणून बजेट बेताचं असेल तर साधा बट आणि उत्तम शाफ्ट घ्या.

लांबी साधारण 57 ते 58 इंच असते. बहुतेकांना तीच पुरते. खूप उंच किंवा ठेंगणं असाल तरच वेगळा विचार करा. वजनाचा पट्टा 18 ते 21 औंसांचा. पहिल्या क्यूला 19 औंस, म्हणजे सुमारे 540 ग्रॅम, ठीक. पुष्कळ क्यूंच्या बटमध्ये वजनाचा बोल्ट असतो. तो बदलता येतो का, हे विचारून घ्या.

टिपचा व्यास मात्र विचार करून ठरवा. पूलसाठी 12 ते 13 मिलिमीटर. 13 मिलिमीटरची टिप नवख्याची छोटी चूक पोटात घालते. बारीक टिपने स्पिन देताना नेम अचूक लागतो. स्नूकरची 9-10 मिलिमीटरची क्यू पूलसाठी घेऊ नका, कारण पूलचे चेंडू मोठे आणि जड असतात. टिपचा कडकपणा मध्यम घ्या. मऊ टिप लवकर दबते आणि कडेने छत्रीसारखी पसरते. फार कडक टिपवर खडू नीट टिकत नाही, मग फटका निसटतो.

शाफ्ट शक्यतो हार्ड मेपल लाकडाचा, दाट आणि सरळ रेषांचा. पांढऱ्या चेंडूला मधोमध न मारता उजव्या बाजूला मारलं की तो किंचित डावीकडे सरकून निघतो. हे सरकणं शाफ्टच्या टोकाच्या वजनावर अवलंबून असतं. लो-डिफ्लेक्शन शाफ्टचं टोक हलकं असल्याने ते कमी होतं. पण हा खर्च स्पिन वापरायला लागल्यावरच करावा. कार्बन फायबरचा शाफ्ट दमट हवेत वाकत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

आता सरळपणा. शाफ्ट आणि बट वेगवेगळे टेबलावर लोळवा, मग जोडून. शाफ्ट निमुळता असल्याने खाली फट दिसणारच. ती लोळताना कमी-जास्त होते का, एवढंच पाहा. टोक वर-खाली उड्या मारत असेल तर क्यू परत करा. दोन्ही भाग सरळ आणि जोडल्यावर डगमग, तर दोष जॉइंटचा. जॉइंट घट्ट आवळल्यावर नखही शिरता कामा नये. मग बट तळहातावर हलकेच आपटा: खडखड आली तर आत काहीतरी सैल आहे. बहुतेकदा बोल्टच असतो, पण घेण्याआधी तो आवळून खात्री करा. फेरूलवर, म्हणजे टिपच्या लगतच्या कडीवर, बारीक चीर असेल तर घेऊ नका. ब्रेकच्या, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या जोरदार, एका फटक्यात ती वाढते.

पकडीवर लिननचा धागा घाम शोषतो, चामडं मऊ लागतं, उघडं लाकूड पुसायला सोपं. यात चूक-बरोबर नाही, हाताला विचारा.

ब्रेकसाठी वेगळी, कडक टिपची क्यू ठेवलीत तर मुख्य टिप जास्त टिकते. खेळ संपला की क्यू उघडून केसमध्ये ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलेली किंवा उन्हात गाडीत राहिलेली क्यू वाकते, आणि वाकलेला लाकडी शाफ्ट पुन्हा पुरता सरळ होणं अवघड.