हनिमूनसाठी सफारी कॅम्प निवडताय? टॉवेलच्या हंसांना भुलू नका, या चुका टाळा

मावसबहिणीचा साखरपुडा झाला आणि त्याच रात्री तिने मला व्हॉट्सअॅपवर अकरा फोटो पाठवले, सगळे टेंटचे, सगळ्यांत पांढरी मच्छरदाणी, बेडवर टॉवेलचे दोन हंस, गुलाबाच्या पाकळ्या, आणि खाली प्रश्न, "ताई, यातला कुठला घेऊ?" मी विचारलं, हे नकाशावर नक्की कुठे आहेत गं? तर म्हणाली, आफ्रिकेत.

हसायला मला तोंडच नाही, कारण मीही असेच हंस बघून कॅम्प घेतलेला. आम्ही ठाण्याचे, सासर ऐरोलीचं, लग्नाच्या गडबडीत एका एजंटकडे गेलो, त्याने केनियाचं पॅकेज दाखवलं, कॅम्पच्या नावात 'मारा' होतं, आम्हाला वाटलं झालं की, मसाई मारातच आहे, म्हणजे केनियातल्या त्या प्रसिद्ध जंगलात. प्रत्यक्षात तो गेटच्या बाहेर, तोही बराच लांब. रोज सकाळी खडखडत्या रस्त्याने पाऊण तास गेटपर्यंत, मग गेटवर लाइन, तोवर सूर्य चांगला वर आलेला आणि सिंह झाडाखाली आडवे झालेले. येऊरचं जंगल बघायला जायचं आणि मुक्काम शहरातल्या माजिवडा नाक्यावर करायचा, तसला प्रकार. टेंट मात्र फोटोतल्यासारखाच होता हां, हंस पण होते.

कॅम्प कुणाच्या जमिनीवर आहे ते न विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा जास्त बोलते.

मारामध्ये ढोबळमानाने तीन प्रकार असतात. एक म्हणजे रिझर्व्हच्या आतले कॅम्प, म्हणजे साधारण दीड हजार चौरस किलोमीटरचं जे मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह आहे त्याच्या आत. पहाटे टेंटमधून निघालात की तुम्ही जंगलातच असता. पण आत नियम कडक, रस्ता सोडून गाडी खाली घालायची नाही, रात्रीची सफारी नाही, आणि गर्दीच्या सीझनला एका चित्त्याभोवती वीस-पंचवीस गाड्या जमलेल्या मी स्वतः पाहिल्यात, गोखले रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी परिस्थिती.

दुसरा प्रकार कॉन्झर्व्हन्सी. ही रिझर्व्हला लागून असलेली मसाई लोकांचीच जमीन, त्यांनी ती वन्यजीवांसाठी भाड्याने दिलेली असते आणि त्याचे पैसे त्या कुटुंबांना मिळतात. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ ही त्यातली मोठी नावं. इथे कॅम्प मोजके, आणि बहुतेक ठिकाणी तिथे राहणाऱ्यांनाच सफारीला सोडतात, एका प्राण्यापाशी साधारण पाचच्या वर गाड्या थांबू देत नाहीत, गाइड गाडी गवतात घालू शकतो, रात्रीची सफारी असते, पायी फिरायला नेतात. महाग असतं, नाही असं नाही. पण नवीन लग्न झालेल्या जोडप्याला जी शांतता हवी असते ती इथे मिळते, बाथटबमध्ये नाही मिळत.

तिसरा प्रकार आमचा, गेटबाहेरचा. सेकेनानी आणि तालेक गेटच्या बाहेर असे ढीगभर कॅम्प आहेत, स्वस्त आहेत, आणि सगळेच वाईट नसतात, गेटला अगदी खेटून असेल तर चालून जातं. फक्त आतला समजून बाहेरचा घेऊ नका. एजंटला कॅम्पचं नाव विचारून गप्प बसायचं नाही, मॅपवरचं लोकेशन मागायचं, मग स्वतः अंतर मोजायचं. लोकेशन पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याला तिथेच नमस्कार.

मुहूर्त आणि मायग्रेशन यांची गल्लत

ही चूक खास आपल्या लोकांची. सगळ्यांना टीव्हीवर बघितलेलं ते दृश्य हवं असतं, हजारो विल्डबीस्ट (हरणाच्या जातीतले ते दाढीवाले प्राणी) मारा नदीत उड्या टाकतायत आणि खाली मगरी. हेच मायग्रेशन, म्हणजे कळपांचं स्थलांतर, मारात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. आणि आपल्याकडे आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, लग्नं बंद! म्हणजे आपले मुहूर्त आणि विल्डबीस्टचे मुहूर्त काही जुळत नाहीत. तुळशीचं लग्न लागल्यावर आपली लग्नं सुरू होतात तोवर ते कळप टांझानियाच्या दिशेने निघून गेलेले असतात. आणि एजंट डिसेंबरच्या पॅकेजवर पण नदीचाच फोटो छापतो.

आता पैशांचं बघा. परदेशी पाहुण्याला रिझर्व्हची फी २०२४ पासून जानेवारी ते जून माणशी १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, दिवसाची, आणि तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं. म्हणजे डिसेंबरात लग्न करून लगेच गेलात तर दोघांचे तीन दिवसांचे १२०० डॉलर, मायग्रेशन नाही ते नाहीच. तेच हनिमून जानेवारीत ढकललं तर ६०० डॉलर. जानेवारी-फेब्रुवारी मला तरी उत्तम वाटतो, हवा कोरडी, गाड्या कमी, आणि सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ हे कुठेच गेलेले नसतात, ते तिथेच राहतात. विल्डबीस्टच हवे असतील तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारी टांझानियात न्दुतूच्या बाजूला जा, तेव्हा तिथे त्यांची पिल्लं जन्मतात, आणि पिल्लं आली की मागोमाग चित्ते आणि तरस आलेच. (बायको हळवी असेल तर विचार करा. आमच्यात हळवा नवरा आहे, तो डोळे मिटून बसलेला.)

एप्रिल-मेच्या लग्नवाल्यांनी तर नीट ऐका, तेव्हा तिकडे मोठा पाऊस असतो. विदर्भात असते तशी काळी चिकट माती, गाडी रुतली की रुतली, काही कॅम्प त्या दिवसांत बंदच ठेवतात. जे उघडे असतात ते स्वस्तात मिळतात आणि सगळीकडे हिरवंगार असतं, म्हणजे पाऊस आवडणाऱ्यांना चालेल, पण माहीत असून जा.

आणि हो, रिझर्व्हच्या आत राहणार असाल तर निघायच्या दिवशी सकाळी १० च्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर अजून एका दिवसाची फी. शेवटच्या दिवशी निवांत नाश्ता वगैरे स्वप्नं बघू नका.

टेंटला हॉटेलची रूम समजणं

टेंट म्हणजे आपल्या शाळेच्या कॅम्पमधला तंबू नाही, आत लाकडी फ्लोअर, पलंग, मागे जोडलेलं बाथरूम सगळं असतं. पण भिंत कापडाचीच. शेजारचा टेंट दहा पावलांवर असेल तर तुमचं सगळं त्यांना आणि त्यांचं सगळं तुम्हाला ऐकू येणार, आणि आमच्या शेजारी एक घोरणारे काका होते. म्हणून दोन टेंटमध्ये अंतर किती, एकूण टेंट किती, हे विचारायला लाजू नका. माझ्या मते पंधराच्या वर टेंट असले की तो कॅम्प राहत नाही, लग्नाचा हॉल होतो.

बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडला की टेंटमधून एकट्याने बाहेर पडायचं नाही, जेवायला जाताना पण टॉर्च घेतलेला वॉचमन न्यायला येतो, त्याला तिकडे अस्कारी म्हणतात. चांदण्यात हातात हात घालून फिरू असा प्लॅन असेल तर तो ठाण्यात तलावपाळीला करा. पाणघोडे रात्री नदीतून वर येतात चरायला आणि त्यांचं ते घुरघुरणं टेंटच्या अगदी बाजूला ऐकू येतं, पहिल्या रात्री आम्ही दोघंही बसून काढली.

गरम पाणी चोवीस तास असतं की ठरावीक वेळेला, ते विचारा. छोट्या फिरत्या कॅम्पमध्ये बादलीचा शॉवर असतो, तुम्ही सांगितलं की माणूस गरम पाणी वर भरून देतो, ते संपेपर्यंत आंघोळ उरकायची. वीज सोलर किंवा जनरेटरची, टेंटमध्ये चार्जिंग आहे की जेवणाच्या मंडपातच, हेही विचारा. प्लग तिकडे जाड चौकोनी तीन पिनांचे, आपले बसत नाहीत, अॅडॅप्टर इथूनच न्या.

बॅग, कागद आणि बाकीची छोटी विघ्नं

लग्नात मिळालेली ती भली मोठी हार्ड बॅग विसरा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोटी विमानं जातात, तिथे सहसा हँडबॅग धरून माणशी १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. मुंबईचं विमान उतरतं ते जोमो केन्याटा विमानतळावर, हे दुसरं, मध्ये नैरोबीचा ट्रॅफिक, त्यामुळे दोन तासांचं कनेक्शन ठेवणाऱ्या एजंटला हात जोडा. रस्त्याने पाच-सहा तास लागतात. सहा दिवसांत अंबोसेली, नाकुरू (ही केनियातली दुसरी जंगलं) आणि मारा असं तिन्ही कोंबलेलं पॅकेज घेऊ नका, अर्धं हनिमून व्हॅनमध्ये जाईल. एकाच ठिकाणी तीन रात्री काढा, फार तर दोन ठिकाणं.

नवीन नवरींसाठी: तिकीट, इ-टीए (केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी), यलो फीव्हरचं सर्टिफिकेट, सगळं पासपोर्टवर आत्ता जे नाव आहे त्याच नावाने. ट्रिपच्या तोंडावर आडनाव बदलायला पासपोर्ट टाकू नका, सर्टिफिकेटवर जुना पासपोर्ट नंबर राहतो आणि एअरपोर्टवर समजावत बसावं लागतं. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि ती नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. ही लस जिवंत विषाणूची असते, लगेच बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या, हळदीच्या दिवशी नाही.

प्लास्टिकच्या पिशव्या केनियात २०१७ पासून बंद आहेत. माझ्या सासूबाईंनी चिवडा, शंकरपाळ्या, लाडू, सगळं सात पिशव्यांत बांधून दिलेलं, ते निघायच्या रात्री डब्यात भरत बसलो. खायची तशी चिंता नाही, तिकडे चपाती आणि चाय हे शब्द पण तेच आहेत, चपाती मैद्याची असते एवढंच. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगलाच लिहून द्या.

आणि आफ्रिका म्हणून फक्त कॉटनचे कपडे नेऊ नका! मारा महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे, पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात.

आणि बजेट ताडोबाचं असेल तर

मग तर गेट अजूनच महत्त्वाचं. माझ्या दिराने मोहर्लीला रिसॉर्ट घेतलं आणि परमिट मिळालं कोलाराचं, ही दोन गेटं जंगलाच्या दोन टोकांना, पहाटे तीनला उठून बाहेरच्या रस्त्याने गाडी हाणत गेला, नवी नवरी सगळा रस्ता झोपलेली. आधी परमिट, मग त्याच गेटचं रिसॉर्ट, हा क्रम उलटा करू नका. मंगळवारी ताडोबा बंद असतं, कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. मे महिन्यात लग्न असेल तर खरं म्हणजे ताडोबाच घ्या, ऊन भाजून काढतं पण वाघ पाणवठ्यावर येतो.

पोचल्यावर गडबड निघाली तर

दोन सिंगल बेड निघाले? आमचे निघाले. हा प्रकार खूप कॉमन आहे, कारण बुकिंगमध्ये कुणी 'डबल' लिहीतच नाही. सामान उघडायच्या आधी मॅनेजरला सांगा, बहुतेक ठिकाणी पलंग जोडून वर एक मोठी गादी टाकून देतात. टेंट किचनजवळ किंवा जनरेटरजवळ मिळाला तर त्याच मिनिटाला बोला, रात्र काढलीत की दुसऱ्या दिवशी कोण हलवतंय.

जीपमध्ये दुसरं कुटुंब असेल आणि पोरं ओरडत असतील तर गाइडला बाजूला घेऊन एका ड्राइव्हपुरती वेगळी गाडी किती पैशांत मिळेल ते विचारा, रिकामी गाडी असली तर भाव कमी करतात. पूर्ण ट्रिप प्रायव्हेट गाडी नाही परवडली तरी एक सकाळ तरी घ्या, आम्ही शेवटच्या दिवशी घेतली आणि तासभर एकाच बिबळ्यापाशी थांबलो, चला चला म्हणणारं कुणी नव्हतं.

एकाला पहाटे उठायचंय आणि दुसऱ्याला झोपायचंय, यावरून भांडण ठरलेलं. मग उठणाऱ्याने एकट्याने जावं. मी गेले, नवरा झोपला, मला चित्ता दिसला आणि त्याला टेंटच्या बाहेर हत्ती, आणि तो अजून सगळ्यांना हत्तीचंच सांगतो.

बाकी रात्री पांघरुणात पाय घातल्यावर काहीतरी गरम, मऊ आणि जरा केसाळ लागलं तर किंचाळू नका. ती गरम पाण्याची पिशवी असते, लोकरी कव्हर घातलेली, तुम्ही जेवायला गेलात की ठेवून जातात. मी किंचाळले, आणि अस्कारी टॉर्च घेऊन धावत आला.